वीटआळीचा गिलावा

सीताराम गवंड्याने गिलावा केलेल्या भिंतीवरून हात फिरवला तर हात कुठे म्हणून अडायचा नाही. कोथरूडमध्ये ज्या काळात बंगले पाडून सोसायट्या उठत होत्या, त्या काळात त्याच्या थापीला उसंत नव्हती. काम झालं की मालक यायचा, भिंतीला डोळा लावून तिरकं बघायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे." आता पुण्यात 'ठीक आहे' म्हणजे जाहीर सत्कारच की हो! सीतारामला ते कळायचं. तो मान खाली घालून हत्यारं धुवायचा आणि मनातल्या मनात फुलायचा. पण त्याने आयुष्यात सगळ्यात जीव ओतून जो गिलावा केला, तोच त्याला सगळ्यात महागात पडला. त्याला म्हणजे त्याला एकट्याला नाही, सगळ्या आळीला.

आळी होती कोथरूडच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे एके काळी दगडाची खाण होती. दगड काढायच्या आधी वरची माती उपसावी लागते. खाणमालक मोठा धोरणी. माती फेकायची कशाला, म्हणून त्याने ओढ्याकाठी भट्टी लावली, विटा पाडल्या आणि त्याच विटांची मजुरांसाठी दोन रांगा घरं बांधून टाकली. दगड विकायला, माती मजुरांना. जन्मभर दगड फोडणाऱ्यांच्या घरांना दगड नाही, आता बोला!

पण ज्या कुणी ती घरं बांधली त्याला नजर होती, हे मात्र म्हणायलाच हवं. चुन्यात बांधलेल्या दीड विटेच्या भिंती. दारा-खिडक्यांवर विटांचीच कमान, आधाराला लाकडाची ढलपीसुद्धा नाही. वळचणीखाली एक आड एक वीट सोडून केलेली जाळी, तिच्यातून चुलीचा धूर बाहेर जायचा आणि वैशाखात वारा आत यायचा. वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे परस. दोन्ही रांगा समोरासमोर. मावळतीचं ऊन पडलं की सगळी आळी तांबडीलाल दिसायची. म्हणून लोक तिला वीटआळी म्हणायचे, आणि सगळा घोळ झाला तो ह्या नावाने.

वीटआळी हा शब्द सावकाश म्हटला तर काही बिघडत नाही. पण सावकाश बोलायला वेळ कुणाला आहे? वीटआळीची झाली वीटाळी आणि वीटाळीची विटाळी. त्यात आळीतली सगळी घरं छप्पन सालानंतर धम्माच्या वाटेला लागलेली. आसपासच्या लोकांना विनोद आयताच मिळाला. "कुठली रे ही पोरं?" "विटाळीतली!" विचारणारा हसायचा, सांगणारा हसायचा आणि पोरं जमिनीकडे बघायची. पुढे बसथांब्याची पाटी रंगवणाऱ्या बहाद्दराने ठळक अक्षरांत 'विटाळी' असंच रंगवून ठेवलं. त्याच्या मनात काळंबेरं होतं की तो नुसताच अडाणी होता, त्याचं त्यालाच ठाऊक. पाटी मात्र राहिली.

सीतारामला ह्या नावाचा पहिला खरा चटका बसला तो नारायण पेठेत. तेव्हा तो विशीतला होता, नवीनच थापी हातात आलेली. एका घरी माडीच्या भिंतीचं काम चाललं होतं. मालक सुपारी कातरत खुर्चीत बसलेले. त्यांनी विचारलं, "काय रे, नाव काय?"

"सीताराम."

"वा! राहतोस कुठे?"

"वीटआळीत."

"विटाळीत?" मालकांनी अडकित्ता थांबवला. "हात्तिच्या! मग नाव कशाला विचारलं मी? पत्ताच सगळं सांगतो की."

घरातली माणसं हसली. सीतारामही हसला. मालक हसले की हसायचं, ही शिकवण अंगात भिनलेली होती. त्या दिवशी भिंत सरळ झाली, ओळंबा कुठे हलला नाही. पण आपण का हसलो, ह्याची त्याला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली. जेवताना आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा. चंद्रभागा, त्याची बायको, विचारायची, "अहो, मीठ कमी पडलंय का?" तो म्हणायचा, "नाही गं, बरोबर आहे."

मग नव्वदनंतरचे दिवस आले. सुरुंगांनी नव्या सोसायट्यांच्या काचा हादरतात म्हणून खाण बंद झाली. खड्ड्यात पाणी साठून तळं झालं. आळीतली माणसं कुठे वॉचमन झाली, कुठे कारखान्यात लागली. समोरच्या घरातल्या दीनानाथने ओट्यावर स्कूटर दुरुस्तीचा धंदा मांडला आणि तो चांगला चालायला लागला. सीताराम स्वतः चार माणसं हाताखाली ठेवून गिलाव्याची कामं घ्यायला लागला. लेक नम्रता इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला गेली. आळीतून कॉम्प्युटर शिकणारी ती पहिली. सीतारामची छाती इतकी फुगली होती की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

एकदा पावसात तिला यायला उशीर झाला. चिंब भिजून आली. सीताराम म्हणाला, "अगं, थांबा तर दारात आहे. एवढी भिजलीस कशी?"

नम्रता केस पुसत म्हणाली, "मी आधीच्या थांब्यावर उतरते, बाबा. रोजच. बसमध्ये कॉलेजची मुलं असतात." मग म्हणाली, "ती पाटी वाचतात मोठ्याने."

सीतारामच्या मनात आलं, आपल्याला हसले ते हसले, आता पोरीलाही हसणार? त्या रात्री त्याने ठरवलं. नाव पडलंय ते विटांमुळे. विटाच दिसल्या नाहीत, तर नाव कशाला चिकटून राहील? आणि खरं सांगायचं तर, गवंड्याच्या डोळ्याला उघडी वीट म्हणजे अर्धवट टाकलेलं काम. गिलावा नसलेलं घर म्हणजे ज्याला परवडलं नाही त्याचं घर. शहरभर लोकांच्या भिंती गुळगुळीत करायच्या आणि आपली आळी मात्र उघडी?

विहारात बैठक झाली. सीताराम बोलला आणि छान बोलला. "मजुरी माझी. सिमेंट-वाळू ज्याची त्याने आणायची. दर्शनी भिंती सगळ्या एकसारख्या पांढऱ्या करू आणि आळीच्या तोंडाशी पाटी लावू, समतानगर!" टाळ्या पडल्या. दीनानाथ तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

एकटी दुर्गाबाई उठली. वयाने आळीत सगळ्यात थोरली, नवरा खाणीतच गेलेला. आळीची दुसरी रांग उठली तेव्हा ती पोर होती आणि आईबरोबर भट्टीवर विटा पाडायला जायची. ती म्हणाली, "सीतारामा, नाव त्यांनी ठिवलं, आन् तोंड आपुन झाकायचं व्हय रं?"

सीताराम समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, जग बदलतंय. आपण नको का बदलायला?"

"बदल की! त्या पाटीवाल्याला जाऊन बदल. माझ्या भिंतीला हात लावू नगंस. चांगल्या तोंडाची हाय ती."

लोक हसले. म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पुढचे कितीतरी रविवार सीतारामने दुसरं काम घेतलं नाही. गिलावा धरावा म्हणून विटांना टाचे मारून खाचा पाडल्या, पाणी मारलं, सिमेंटचा माल घट्ट कालवला आणि घरामागून घर गिलावत गेला. कमानी बुजवून सरळ केल्या. वळचणीच्या जाळ्या भरून टाकल्या, कारण गुळगुळीत भिंतीवर भोकं बरी दिसत नाहीत. मागच्या भिंती तेवढ्या राहिल्या. एका रांगेच्या खाणीच्या तळ्याकडे आणि दुसरीच्या डोंगराकडे तोंड करून होत्या, तिकडे कोण बघायला येतंय?

बघता बघता सगळी आळी पांढरीशुभ्र झाली आणि मधोमध दुर्गाबाईचं एकच घर तांबडं. सीतारामला ते बघवेना. कितीही काम चांगलं होवो, डोळा जायचा तिथेच. तेवढ्यात नातीच्या बाळंतपणासाठी दुर्गाबाई कात्रजला लेकीकडे गेली. सीतारामने मनाशी म्हटलं, म्हातारी परत येईल, नवं घर बघेल आणि दोन शिव्या देऊन गप्प बसेल. त्याने तेही घर गिलावलं.

दुर्गाबाई परत आली ती बोचकं घेऊन आळीतून सरळ चालत गेली. शेवटापर्यंत गेली, थांबली, वळली. पुन्हा मागे आली. मग रस्त्याच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "माझं घर कुठं हाय?"

सगळे पोट धरून हसले. सीतारामही हसला. दुर्गाबाईला मात्र हसू आलं नाही. तिला घर सापडलं तेव्हा तिने भिंतीवर हात टेकला आणि असं काही तोंड सोडलं की दीनानाथने स्कूटर चालू करून आवाज बुडवायचा प्रयत्न केला. त्यानंतर दोन-तीन पावसाळे काढून ती गेली. तिच्या घरात आता तिची लेक राहायला आली होती.

बाकी सगळं सीतारामच्या मनासारखं झालं. थांब्याची पाटी बदलली. नम्रता दारातच उतरायला लागली. शिकली, हिंजवडीच्या कंपनीत लागली, तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न झालं आणि कोथरूडला फ्लॅट घेतला. गिलाव्याला कधी फुगवटा यायचा, कधी पोपडा सुटायचा. सीताराम सिमेंटचा आणखी एक हात मारून तो बसवायचा. इतक्या वर्षांत कधी नव्हती ती ओल आता भिंतीतून का येते, असं चंद्रभागेने विचारलं तर म्हणायचा, "पावसाळा आहे बाई, कोरडी कशी राहील?"

नम्रताच्या फ्लॅटची वास्तुशांती नव्हती, नुसता चहाचा कार्यक्रम होता. सीताराम सवयीने भिंती बघत हॉलमध्ये आला आणि एका भिंतीपाशी थबकला. भिंत विटांची होती. त्याने बोटाने टकटक केली. विटा कसल्या, विटांसारख्या पातळ फरश्या चिकटवलेल्या!

"हे काय गं?"

नम्रता जरा चाचरली. "हल्ली असं करतात, बाबा. छान वाटतं." मग हळूच म्हणाली, "आपल्या आळीसारखं."

सीतारामने चहा घेतला, बिस्किट घेतलं. घरी येताना बसमध्ये त्याला एकदम चीड आली, पण नेमकी कुणाची ते कळेना.

त्यानंतर काही महिन्यांनी पूर्वा आली. वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवणारी तरुण बाई. हातात तांबड्या विटांच्या घरांचा एक जुना फोटो होता. सीताराम आळीच्या तोंडाशी बसला होता. तिने विचारलं, "काका, इथे वीटआळी कुठेशी आली?"

सीतारामच्या कपाळाची शीर उठली. "अशी आळी इथे नाही. कधी नव्हती. हे समतानगर."

"पण ह्या फोटोत—"

"फोटो दुसरीकडचा असेल. पुण्यात आळ्या काय कमी आहेत? जा, पेठांत शोधा."

ती गेली. पण पोरगी चिवट होती. तळ्याच्या बाजूने वळसा घालून गेली आणि तिला घरांच्या पाठी दिसल्या. लालभडक, जाळ्यांसकट. धावतच परत आली. "काका, हीच ती! सांगितलं का नाहीत?"

आणि नेमका तोच सुमार होता बिल्डर यायला लागण्याचा. डोंगराच्या पायथ्याची जागा, हिंजवडीच्या नोकरदारांना हवा खायला उत्तम. त्याचं म्हणणं सरळ होतं. आळी पाडू, उंच इमारत उठवू, मागच्या अंगाला तुम्हाला वरच्या मजल्यांवर घरं देऊ. तरुण पोरांना लिफ्टचं आकर्षण होतं. पण चंद्रभागेचे पापड परसात वाळायचे, दीनानाथचं पोट ओट्यावर होतं. जमिनीवरचं घर गेलं तर खायचं काय, हा प्रश्न निम्म्या आळीपुढे होता.

विहारात बसून पूर्वाने सांगितलं, "खाणमजुरांसाठी बांधलेली अशी वीटकामाची आळी शहरात दुसरी मला माहीत नाही. जतन करायच्या यादीत आली तर कुणाला पाडता येणार नाही. घरं तुमची तुम्हालाच राहतील. समिती बघायला येणार आहे. फक्त दर्शनी भिंती मूळच्या दिसायला हव्यात."

सगळ्यांनी सीतारामकडे पाहिलं. कुणी रागाने नाही हो, आशेने. "सीतारामभाऊ, निघेल ना गिलावा?" दीनानाथने विचारलं.

"मी लावलाय, मीच काढतो," सीताराम म्हणाला. त्याला हुरूप आला होता. जाताना चंद्रभागेला म्हणाला, "बघ, आठवड्यात आळी पहिल्यासारखी करतो."

पहिली छन्नी त्याने स्वतःच्याच घराला लावली. सगळे ओट्यांवर उभे होते. दोन ठोके दिले आणि गिलाव्याची मोठी थोरली ढलपी सुटून आली. सीतारामने ती उलटी करून पाहिली. तिच्या पाठीला विटेचं तोंड चिकटून आलं होतं. आणि भिंतीत, जिथे वीट असायला हवी, तिथून लाल भुगा घसरत होता. ओला भुगा.

"इथे फार ओल असेल," तो म्हणाला आणि खिडकीपाशी गेला. तिथेही तेच. कमानीपाशी तेच. मग दीनानाथचं घर, मग पलीकडचं. गिलावा इतका घट्ट बसला होता की येताना विटांची तोंडं घेऊनच येत होता. शेवटी तो दुर्गाबाईच्या घरी गेला. तिच्या घराच्या विटा जरा कडक भाजलेल्या होत्या. त्या तरी टिकल्या असतील, असं त्याला वाटलं. त्याने छन्नी अगदी अलगद, तिरकी धरली. भुगा त्याच्या पावलांवर पडला.

पूर्वा म्हणाली, "काका, थांबा आता. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते तशी बाहेरही पडते. सिमेंटने तिची—"

"कळलं, बाई," सीताराम म्हणाला. "कळलं मला. बाहेरची वाट मी बंद केली. जाळ्यासुद्धा बुजवल्या."

तो ओट्यावर बसला. फुगवटा दिसला की वर आणखी सिमेंट थापायचो, हे त्याला आठवलं. आयुष्यभर भिंती कळतात म्हणून मिरवलो आणि आपल्या घराची भिंत कुजताना कळली नाही! डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते पुसलंही नाही. घरामागे जाऊन मागच्या भिंतीला हात लावला. त्याच्या आज्याच्या काळातली वीट अजून कणखर होती, एका विटेवर पाडणाऱ्याच्या बोटांचे ठसेसुद्धा स्पष्ट होते. जी बाजू लोकांना दिसू नये म्हणून झाकली ती गेली. जिच्याकडे कुणी बघत नव्हतं ती शाबूत होती.

समिती आली. चार माणसं, त्यात एक इंजिनिअर. त्याने छत्रीचं टोक भिंतीत खुपसलं, ते सहज आत गेलं. मागच्या भिंती पाहून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पाठ सुंदर आहे. पण पाठ बघून यादीत नाव घालता येत नाही." मग इंजिनिअरने विचारलं, "हा दर्शनी भागाचा गिलावा कुणी केला?"

सीताराम पुढे व्हायला लागला. त्याच्या आधीच चंद्रभागा म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी." दुर्गाबाईची लेक म्हणाली, "होय, आळीनंच." दीनानाथने नुसती मान हलवली. इंजिनिअरने पुढे विचारलं नाही.

निकाल सांगायला पूर्वा स्वतः आली. आळी यादीत घेता येत नव्हती. उलट पुढच्या भिंती धोकादायक ठरल्या होत्या, पावसाळ्याआधी घरं रिकामी करावी लागणार होती, आणि मग बिल्डरशिवाय वाट नव्हती. सीताराम म्हणाला, "तुम्ही जा, ताई. बाकीच्यांना मी सांगतो."

विहारात सगळे जमले. त्याने उभं राहून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग हात जोडून म्हणाला, "माझ्यामुळे झालं हे. मी नसतो तर तुमची घरं राहिली असती."

दुर्गाबाईच्या लेकीने पदर सावरला. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे, सीतारामा. पोरींच्या इज्जतीसाठी केलंस. आम्हीच टाळ्या वाजवल्या."

"अरे, असं नका करू!" सीतारामचा आवाज चिरकला. "बोला मला काहीतरी. भांडा तरी!"

पण भांडायला कुणी उठलं नाही. सगळे आपापल्या विचारात होते. थोड्या वेळाने दीनानाथ जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सीतारामभाऊ, तुम्ही बांधकामातले, तुमचं बिल्डर ऐकेल. पहिला मजला मागितला तर देतील का? म्हणजे स्कूटर जिन्याने वर ढकलत नेता येईल."

सीतारामने जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, "विचारतो."